तीन मजली पेटी, एक बॉल पायथन आणि धायरीची थंडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात धायरीला राहणाऱ्या एका गृहस्थांकडे बॉल पायथन जातीचा साप आहे. घरातली मुलगी त्याला ‘गुंड्या’ म्हणते. जुन्या शोकेसची त्यांनी तीन मजली पेटी करून घेतली: तीन फूट रुंद, दीड फूट खोल, चार फूट उंच, पुढे सरकती काच. छताला शंभर वॅटचा साधा बल्ब. जानेवारीतल्या रात्री खोलीत २० डिग्री असताना वरच्या मजल्यावर ३७, मधल्यावर २६ आणि तळाला २१. गुंड्या तळाच्या खोक्यातून हलत नाही, आणि गेल्या महिन्यात दोनदा गिळलेला उंदीर त्याने ओकून टाकला. तिन्ही मजल्यांवर सारखं ३० ठेवायचं तर किती वॅटचा बल्ब लावू, असं ते विचारतात.

आधी बल्ब वाढवण्याचा विचार डोक्यातून काढा. दोनशेचा लावलात तर वरचा मजला तवा होईल आणि तळ दोन-तीन डिग्रीने चढेल, बस्स.

मी मूळचा वायरमन. बावीस वर्षांपूर्वी सापांच्या नादी लागलो आणि तेव्हापासून पेट्या बांधणं, बिघडलेल्या दुरुस्त करणं हेच चाललंय. ‘सगळीकडे सारखं’ हे मागणं मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर आधी बोलूनच घेतो. सापाला सारखं नको असतं. त्याच्या अंगात स्वतःची शेगडी नाही. ऊब हवी तेव्हा तो उबेकडे सरकतो आणि पुरे झाली की गारव्याकडे. बॉल पायथनचं मूळ घर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत. तिथे तो उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात दडून राहतो. वारूळ ही काय कमी मजल्यांची इमारत आहे? वर उन्हाने तापलेलं, आत खोल गार आणि दमट, आणि साप आपला मजला आपण निवडतो. पेटीत सगळीकडे ३० केलंत तर त्याची निवडच संपली. मग ताप आल्यासारखा तो काचेला नाक घासत फिरतो आणि आपण म्हणतो, वा, किती खेळकर आहे!

सारखेपणा हवा, पण तो वेळेतला. आज दुपारी तीनला उबेची जागा ३२ असेल तर उद्या पहाटे पाचलाही ती ३२ च्या आसपास असली पाहिजे. आणि दुसरी गोष्ट, मजला कुठलाही असो, तिथे त्याला लपायलाही मिळालं पाहिजे आणि ऊबही. तुमच्या पेटीत ऊब वर, अंधारं खोकं खाली. बॉल पायथन भित्रा प्राणी. ऊब की आडोसा असं निवडायची वेळ आली तर तो बहुतेक वेळा आडोसाच निवडतो. गुंड्या २१ डिग्रीत बसून राहिला याचं कारण एवढंच. थंडीत पचन चालत नाही, म्हणून उंदीर बाहेर आला.

आता आकडे. गाठायचं काय, तर उबेच्या जागेचा पृष्ठभाग ३१ ते ३३, गार बाजूची हवा २५ ते २७, रात्रीसुद्धा २४ च्या खाली नाही. आर्द्रता साधारण ५५ ते ७० टक्के. वर बसायच्या फळीवर ३० पर्यंत चालेल. ३७ मात्र धोक्याच्या दारात आहे. तिथे साप अडकला आणि उतरायला वाट नसली तर मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

तुमच्या पेटीत चुकतंय काय, ते बंबाकडे बघितलं की कळतं. आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. जाळ मधल्या नळीत, तोही बुडाशी; म्हणून सगळं पाणी तापायचं. तोच जाळ झाकणावर ठेवला असता तर वरचं पाणी कढलं असतं आणि तोटीतून गारच आलं असतं. तुम्ही जाळ झाकणावर ठेवलाय. तापलेली हवा हलकी, ती आधीच वर आहे, तिला खाली यायचं कारणच नाही. त्यात मधल्या दोन फळ्या बल्बच्या थेट उष्णतेलाही आडव्या येतात, त्यामुळे खालचे दोन मजले कायम सावलीत.

वॅटचा हिशेब मी असा करतो. अठरा मिलिमीटर प्लायची एवढी पेटी आणि पुढे चार मिलिमीटर काच असेल, तर खोलीपेक्षा सरासरी एक डिग्री वर ठेवायला साधारण १३-१४ वॅट लागतात. म्हणजे शंभरचा बल्ब अखंड जळला तरी सरासरी सात-आठ डिग्रीच. तुमचे तीन आकडे मिळवून तीनने भागा, २८ येतात. खोलीपेक्षा आठ वर. उष्णता कमी पडत नाहीये, ती चुकीच्या मजल्यावर साठतेय. पण पाठीला, दोन्ही बाजूंना आणि छताला बाहेरून एक इंची थर्माकोल लावलात तर तोच खर्च ९ वॅटवर येतो, आणि रात्री काचेवर गोधडी सोडली तर त्याहून खाली. थर्माकोलनंतर जी उष्णता जाते तिच्यातली अर्ध्याहून जास्त त्या काचेतून पळत असते, हे लोकांना पटत नाही. पहाटे काचेला हात लावून बघा. थर्माकोल आतून मात्र लावू नका. साप ते उकरतो, आणि थर्माकोल जळतो. हवेची भोकं बुजवायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

मग जाळ खाली कसा आणायचा? इथे मी स्वतः खाल्लेला गोता सांगतो, कारण तुमचा सुतारही तेच सुचवेल.

पहिली उंच पेटी बांधली तेव्हा मी उजव्या बाजूला वीतभर रुंदीचा उभा बोळ ठेवला, त्याच्या तळाशी हीटर, आणि प्रत्येक मजल्याला त्या बोळातून एकसारखा झरोका. गरम हवा बोळातून चढेल आणि वाटेत तिन्ही मजल्यांना वाटली जाईल, असा माझा साधा हिशेब. दुसऱ्या दिवशी वर ३५ आणि तळाला २२! डोकं खाजवत बसलो. शेवटी पेटीतला साप काढून दुसरीकडे ठेवला, उदबत्ती लावली आणि ती खालच्या झरोक्यासमोर धरली. धूर सरळ बोळात ओढला गेला. मधल्या झरोक्यासमोर तो जागच्या जागी घुटमळला. वरच्या झरोक्यातून मात्र भसाभस बाहेर. मी जे केलं होतं ते धुराडं होतं, आणि धुराडं खालून हवा ओढतं, वरून सोडतं. खालचा मजला गरम व्हायचा सोडून बोळाला गार हवा पुरवत होता.

उपाय शंभर-दीडशे रुपयांत निघाला. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा पंखा आणला, बारा व्होल्टचा, आणि बोळाच्या माथ्यावर उलटा बसवला, म्हणजे वारा खाली. जुन्या मोबाइल चार्जरच्या पाच व्होल्टवर तो हळू फिरतो, आवाज जवळजवळ नाही. बारा व्होल्ट देऊ नका, सापाला झोत लागतो आणि पेटी कोरडी पडते. एवढ्या उंचीत गरम हवेचा वर जायचा जोर फार किरकोळ असतो, हा हळू पंखाही त्याला सहज मागे टाकतो. पुन्हा उदबत्ती धरली तर धूर वरच्या मजल्यावरून बोळात, बोळातून हीटरवरून, आणि खालच्या झरोक्यातून बाहेर. आता छताशी साठलेली हवाच फिरून तळाला येत होती. त्या रात्रीचे आकडे वहीत आहेत: वर ३०, मधे २८, तळाला उजवीकडे २९ आणि डावीकडे २६.

तुमच्या पेटीत हेच करा. उजवीकडचे वीस सेंटीमीटर प्लायच्या उभ्या फळीने वेगळे काढा. बोळाच्या खालच्या अर्ध्या भागाला आतून सिमेंट शीट. हीटर म्हणून शंभर वॅटचा सिरॅमिक बल्ब, म्हणजे उजेड न देता नुसती उष्णता देणारा, चिनी मातीच्या होल्डरमध्ये. बॅकेलाइटचा होल्डर दोन महिन्यांत चुरा होतो. साधा बल्ब नको, कारण तो रात्रभर लुकलुकतो आणि सापाला अंधार हवा असतो. तळमजल्यावर झरोका मोठा, साधारण तीस बाय आठ सेंटीमीटर, जमिनीपासून चार बोटं वर, नाहीतर तळाला अंथरलेल्या कोकोपीटची धूळ उडते. मधल्या मजल्यावर लहान झरोका, त्याला सरकती पट्टी. वर फक्त पंख्याचं तोंड. सगळ्या तोंडांना बारीक जाळी, आणि जाळीच्या कडा आतून दुमडलेल्या. सोसायटीत खालच्या मजल्यांना पाणी धो-धो आणि वरच्यांना करंगळीएवढं येतं तेव्हा प्लंबर खालचे व्हॉल्व्ह आवळतो ना, तसंच ही मधली पट्टी थोडी-थोडी सरकवून जुळवून घ्यायची. दोन-तीन दिवस जातात त्यात.

सिरॅमिक बल्बचा पृष्ठभाग दोनशे डिग्रीच्या वर जातो. तो थेट एखाद्या मजल्यावर, चाळीस सेंटीमीटरच्या खणात, फळीच्या खाली टांगायचा विचारही करू नका, भोवती कितीही जाळी गुंडाळली तरी.

मधल्या दोन फळ्यांना डाव्या टोकाला मोकळी जागा ठेवा. सापाला चढा-उतरायला आणि हवेला वर जायला तीच वाट. सापाच्या पोटाच्या जाडीच्या दुप्पट तरी असू द्या, खाऊन फुगलेला साप अरुंद भोकात अडकलेला मी पाहिलाय. आणि प्रत्येक मजल्यावर बंद खोकं: तळाला दोन, ऊब आणि गारवा असं एकेक, मधे आणि वर एकेक पुरे. एवढं केलंत की ऊब की आडोसा ही निवड त्याच्यावर येतच नाही.

तळाच्या उबेसाठी मला सगळ्यात आवडतो तो कडप्पा. ओट्याचं काम झालं की तुकडे पडलेले असतात, मिस्त्रीला चहा पाजला की फुकट मिळतो. तळाच्या प्लायला उजवीकडे फूटभर लांबी-रुंदीचं भोक पाडायचं, त्यात वीस मिलिमीटरचा कडप्पा पक्का बसवायचा आणि त्याच्या खालून, पेटीच्या बाहेरच्या अंगाने, हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) चिकटवायची. मॅटला ओल लागत नाही, साप तिच्याखाली शिरत नाही, आणि दगड ऊब धरून ठेवतो. लाईट गेली तरी बराच वेळ तो कोमट असतो. पेटीला दोन इंची पाय हवेत, मॅट जमिनीला टेकता कामा नये. दगडावर कोकोपीटचा थर अर्ध्या इंचाहून जास्त नको. जाड थर ऊब वर येऊ देत नाही, खाली दगड मात्र तापत राहतो, आणि साप उकरून थेट त्याच्यावर जाऊन बसतो.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारं यंत्र. एसटीसी-१००० नावाचा डबा सगळीकडे मिळतो, त्यावर माझी कामं वर्षानुवर्षं चालली आहेत. तुम्हाला तीन लागतील. एक बोळातल्या हीटरला: त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, तळमजल्यावर उजवीकडे, कोकोपीटच्या दोन-तीन इंच वर, म्हणजे साप जिथे श्वास घेतो त्या उंचीवर, पण झरोक्याच्या थेट समोर नाही. २९ वर लावा, चालू-बंद होण्यातला फरक अर्धी डिग्री. दुसरा मॅटला: प्रोब दगड आणि मॅटच्या मधे, बाहेरून. दगडाची वरची बाजू ३२ यायला मधला आकडा ३५-३६ ठेवावा लागतो, तो प्रत्येक तुकड्याला वेगळा निघतो. तिसरा केवळ राखणदार. प्रोब वरच्या मजल्यावर, आकडा ३४, आणि हीटरच्या वायरमध्ये पहिल्याच्या पुढे जोडलेला. पंखा बंद पडला किंवा पहिल्याचा रिले (आतला स्विच) चिकटला तर हा हीटर तोडतो. लोक याच्यावरचे पैसे वाचवतात. नका वाचवू.

प्रोब घट्ट बसवण्याबद्दल मी जरा कडक बोलतो, त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका केंद्रात काम बघत होतो. उसाच्या फडातून आलेला जखमी अजगर उपचारासाठी होता. प्रोब मी साध्या चिकटपट्टीने लावला होता. रात्री अजगराने अंग घासलं, प्रोब सुटून पाण्याच्या भांड्यात पडला. थर्मोस्टॅटला वाटलं पेटी गार आहे, त्याने मॅट रात्रभर चालू ठेवली. सकाळी बघतो तर अजगर त्याच मॅटवर वेटोळं घालून बसलेला. माणूस चटका बसला की हात काढतो. साप खालून भाजत असला तरी बरेचदा उठत नाही. पोटाचे खवले पिवळे पडून सुटायला लागले होते. बरा व्हायला पाच वेळा कात टाकावी लागली त्याला. तेव्हापासून प्रोब क्लिपने आणि स्क्रूने, आणि शक्य तिथे जाळीच्या आड.

लावण्याआधी प्रत्येक प्रोब तपासा. स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा भरा, बुडेल इतकं पाणी घाला, प्रोब मधोमध धरून पाच मिनिटं ढवळा. शून्य दिसलं पाहिजे. दीड दिसलं तर सेटिंगमध्ये उणे दीडची दुरुस्ती द्या. मागच्या वर्षी एकाच दुकानातून आणलेल्या चार डब्यांत दोन डिग्रीचा फरक निघाला होता. पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड गन घ्या, पण ती काच उघडून वापरा. काचेतून मारली तर ती काचेचंच तापमान सांगते, आणि तेवढ्यावरून पेटी बदलायला निघालेले लोक मला भेटले आहेत.

आपल्या गावाच्या हवेबद्दल थोडं. धायरी, पाषाण, एनडीएकडची रात्र पेठांतल्या रात्रीपेक्षा गार असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण मला डिसेंबरपेक्षा फेब्रुवारी-मार्चची जास्त धास्ती. पहाटे १४, दुपारी ३४. जुन्या रेग्युलेटरवर अंदाजाने लावलेला हीटर त्या हवेत हमखास फसतो. एप्रिल-मेमध्ये गणित उलटं. तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरालाही ऊब सोडत असतो. तेव्हा हीटरचा प्लगच काढून ठेवा, नुसता पंखा चालू द्या, पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा. फारच झालं तर गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून, ट्रेमध्ये, बोळाच्या तळाला ठेवा. तोच पंखा गारवा तळमजल्यावर आणतो. कूलरचा झोत पेटीवर नको.

गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते, ते धरूनच चला. हिवाळ्यात चार-पाच तास गेली तर काचेवर गोधडी आणि बोळात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. निरोगी साप तेवढ्या वेळात २२-२३ सहज सोसतो. पण बुधवारी उंदीर देऊ नका.

कायद्याचं एका वाक्यात: बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. तुमची झालीय असं तुम्ही लिहिलंय, छान. आणि हे वाचून कुणाला धामण किंवा आपला अजगर पाळायची हुक्की आली असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, पेटी कितीही चांगली असो.

राहता राहिला गुंड्या. दोनदा ओकलाय, म्हणजे पोटातली आम्लं आणि जिवाणू दोन्ही हललेत. पेटी बांधून झाली की आधी तीन दिवस ती रिकामी चालवा, तोवर त्याला मोठ्या हवेशीर डब्यात मॅटवर, थर्मोस्टॅट लावून ठेवा. शेवटच्या उलटीपासून दोन आठवडे खाणं नाही, पाणी मात्र ताजं. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर, आणि त्यानंतर दोन दिवस हात लावायचा नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, नाकाशी बुडबुडे येत असतील किंवा घरघर ऐकू येत असेल तर पेटीची वाट न बघता सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: शंभरच वॅट. फक्त ते छतावरून उतरवून तळाला न्या.